किती ठिपके पुरे?
जुन्या संगणकावर मराठी वाचलेल्यांना ‘आर्द्र’ आणि ‘वैशिष्ट्य’ या शब्दांतली जोडाक्षरे आठवत असतील. नुसता काळा पुंजका दिसायचा. बोल फॉन्टला लागायचा, पण खरी अडचण पडद्याची होती. इंचाला साधारण 96 पिक्सेल, म्हणजे एका ओळीला उभे जेमतेम सोळा-वीस ठिपके. रोमन अक्षराचे तेवढ्यात भागते. देवनागरीला मात्र तेवढ्याच उंचीत शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा सगळा संसार मांडावा लागतो.

जून 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन 4 दाखवला. 3.5 इंची पडद्यावर 960 गुणिले 640, म्हणजे इंचाला 326 पिक्सेल. आधीच्या आयफोनच्या दुप्पट दाट, म्हणून तेवढ्याच जागेत चौपट ठिपके. फोन 10-12 इंचांवर धरला तर इंचाला 300 च्या आसपास डोळ्याची मर्यादा संपते, असे जॉब्ज यांचे म्हणणे होते.

हिशेब करून पाहू. 6/6 नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील ओळखता येतो. 30 सेंटिमीटरवर तो 0.087 मिलिमीटर भरतो; इंचाला सुमारे 291 पिक्सेल. म्हणजे म्हणणे बरोबरच. तरीही तरुण, निरोगी डोळे याहून बारीक पाहतात, आणि तिरप्या रेषेतली पायरी तर आणखी लहान असली तरी जाणवते. आपल्या वेलांट्या वळणांनीच बनलेल्या, त्यामुळे 400 पर्यंतची वाढ मला सार्थ वाटते.

त्यापुढचे आकडे जाहिरातीचे. 2015 मध्ये सोनीने इंचाला 806 पिक्सेलचा फोन काढला. एलसीडी पडद्यात प्रत्येक पिक्सेलचा ट्रान्झिस्टर थोडा प्रकाश अडवतो, म्हणून ठिपके वाढले की मागचा दिवा प्रखर ठेवावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते.

घेताना अंतर आधी पाहावे. 60 सेंटिमीटरवरच्या संगणकाला 145 पुरतात, तीन मीटरवरच्या टीव्हीला 29. 43 इंची फुल एचडी टीव्हीत ते 51 असतात. तेवढ्या अंतरावरून 4के चे जादा पिक्सेल दिसणारच नाहीत.

अपवाद व्हीआर हेडसेटचा. तिथे भिंगातून पडदा 100 अंशांवर पसरतो. अंशाला 60 धरले, तर प्रत्येक डोळ्यापुढे आडवे 6000 पिक्सेल हवेत. बाजारातले बहुतेक हेडसेट अजून त्याच्या बरेच मागे आहेत.