का आणि कसं: परतीचा पाऊस डोंगराकडून का येतो?

ऑक्टोबरात अलिबाग-मुरुडकडे भात कापणीला येतं. सकाळभर रखरखीत ऊन. दुपार कलली की काळोख दाटतो तो सह्याद्रीकडून.

मोसमी वारे माघारी फिरले की वरच्या थरात वारा पूर्वेचा होतो. ओल्या जमिनीवरची तापलेली दमट हवा घाटाशी उंच चढते, गडगडाटी ढग बनतात आणि हा वारा त्यांना किनाऱ्याकडे रेटतो.

आधी गार सोसाटा येतो. पडणारे थेंब वाटेत काही सुकतात, त्यामुळे हवा गारठून जड होते, खाली कोसळते आणि अंगणात ओतलेल्या घागरीसारखी चहूकडे पसरते. पिकलेलं भात आडवं होतं ते बहुधा हिच्यामुळे.

हा पाऊस सहसा लवकर ओसरतो. अरबी समुद्रातलं वादळ मात्र वेगळं: ११ नोव्हेंबर २००९ला ‘फयान’ अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्याला धडकलं, ते थेट समुद्रावरूनच.