संगणकाचा गाभा आणि त्याचा द्वारपाल

संगणकाचे बटण दाबले म्हणजे प्रथम त्याच्या अंगचीच मूळ आज्ञावली जागी होते. ती 'ग्रब' नावाच्या द्वारपालास हाक मारते, आणि द्वारपाल 'कर्नल', म्हणजे प्रणालीचा गाभा, स्मृतीत आणून बसवितो. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेला लिनक्स हा असाच गाभा. आपल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' प्रणाली ज्या डेबियनवर उभी आहे, तीत हा गाभा बांधीव पुडक्यात मिळतो. पुडके उतरवले की नवा गाभा 'बूट' कप्प्यात जुन्याशेजारी बसतो आणि ग्रबची यादी आपोआप नव्याने लिहिली जाते. म्हणूनच त्या यादीत हाताने खाडाखोड करू नये. पुढच्या खेपेस ती पुसली जाते. कोणता गाभा आधी घ्यावा, किती सेकंद थांबावे, हे ग्रबच्या वेगळ्या टिपणात लिहावे आणि 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा द्यावी.

मात्र नव्या गाभ्यावर यंत्र सुरळीत चालल्यावाचून जुना काढू नये. नव्याने दगा दिला तर यादीतून जुना निवडता येतो. करमाडहून यंत्र दुरुस्तीसाठी शहरात न्यायचे म्हणजे दिवस मोडतो. जुना गाभा राखला तर ती खेप वाचते.