चिडचिड, की नैराश्य?

किशोरवयातलं नैराश्य रडव्या चेहऱ्यानेच येतं असं नाही. बरेचदा ते चिडचिडीतून दिसतं आणि घरचे ‘वयच तसं आहे’ म्हणून सोडून देतात. चिडचिड किंवा उदासी, मित्र-खेळ नकोसे होणं, झोप-भूक बिघडणं असं २ आठवडे जवळजवळ रोज दिसलं, तर डॉक्टरांना गाठा. सौम्य त्रासात समुपदेशन अनेकदा पुरतं. तीव्र असेल तर मानसोपचारतज्ज्ञ फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. सुरुवातीला मुलावर बारीक लक्ष हवं. बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. 

टेलि-मानस हेल्पलाइन : १४४१६ (मोफत, २४ तास, मराठीतही)