बाजार सक्करदऱ्याचा, बंदी समुद्राची

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात समुद्राची मासोळी महाग होते. का, ते मासोळीवाल्या ताई एका वाक्यात सांगून टाकतात. "दोन्हीकडून दर्या बंद हाये भाऊ. आता येते ते बरफातलं, नाही तं आपल्या तलावातलं."

समुद्र कधीही न पाहिलेल्या बाईच्या तोंडचं हे वाक्य शासकीय आदेशाइतकं अचूक आहे. पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १५ एप्रिल ते १४ जून बंदी असते, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. दोन्हीकडे दिवस तेवढेच, ६१. नागपूरला माल आंध्रच्या बाजूनेही येतो आणि मुंबईच्या बाजूनेही, त्यामुळे एक किनारा बंद झाला की दुसऱ्यावर भागतं. फक्त १ ते १४ जूनला दोन्ही दारं एकदम लागतात. मग टोपल्यांत रोहू, कटला आणि मिरगल उरतात, आणि कोपऱ्यात शीतगृहातून काढलेली सुरमई, जिचे डोळे पाहूनच गिऱ्हाईक पुढे सरकतं.

पण मला सांगायचं आहे ते शेवंडीबद्दल, म्हणजे लॉब्स्टरबद्दल. शेवंड सक्करदऱ्यात रोज दिसत नाही. ती ऑर्डरीने येते, आणि तिचे नियम मासोळीपेक्षा वेगळे आहेत. निदान कागदावर तरी.

होळीच्या आसपास उमरेड रोडवरच्या एका केटररसाठी थर्माकोलचा डबा आला होता. वरचा बर्फ बाजूला झाला आणि आधी मिशा दिसल्या. अंगापेक्षा लांब, काटेरी, बऱ्याचशा मधेच मोडलेल्या. ही मुंबईकडची नेहमीची जात, पॅन्युलिरस पॉलिफॅगस: करडी-हिरवट पाठ, शेपटीच्या प्रत्येक वळ्यावर आडवा पांढुरका पट्टा, डोळ्यांवर पुढे झुकलेली दोन शिंगं. ताईंनी तीन-चार नग ताटलीत घेऊन वजनकाट्यावर एकेक ठेवले. १९०. २२०. १८५. एकच तेवढी ३१० भरली. "सारख्या साइजच्या मागितल्या त्यांनी," ताई म्हणाल्या, "ही मोठी कायले पाठवली कोणास ठाऊक."

मी मोठी उलटी केली. शेवंडीत नर-मादी ओळखायला पोटाकडून पाहावं लागतं. मादीच्या शेवटच्या पायाच्या टोकाला इवलासा चिमटा असतो, नराच्या पायाला नसतो. शेपटीखाली पानांसारखे पापुद्रे असतात, मादीचे रुंद आणि जोडीचे, कारण अंडी तिथेच धरायची असतात. मोठीच्या पापुद्र्यांना तपकिरी कणांचे घोस चिकटलेले होते, बर्फाच्या पाण्याने काही सुटून ताटलीत आले होते. ताजी अंडी नारिंगी असतात आणि फुटायच्या बेतात आली की तपकिरी होतात. म्हणजे ही मादी पकडली गेली तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.

"आंडेवाली हाये," ताई म्हणाल्या. "चवीले काही फरक नाही पडत."

आता नियम. २००३ साली केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने शेवंडीच्या निर्यातीसाठी किमान वजनं ठरवली. या करड्या-हिरव्या जातीला ३०० ग्रॅम. दक्षिणेकडच्या पॅन्युलिरस होमारस या जातीला २०० ग्रॅम, रंगीत आणि आकाराने थोरल्या ऑर्नेटसला ५००, चपट्या शेवंडीला १५०. नुसती शेपटी पाठवायची असेल तर आपल्या जातीची शेपटी ९० ग्रॅमची हवी, कारण डोकं उडवलं की लहान-मोठी ओळखणं अवघड होतं आणि व्यापाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं. नियम नीट विचार करून केला आहे. फक्त तो निर्यातीचा आहे. विमानतळाच्या आणि बंदराच्या दारात वजनकाटा आहे. डबा मुंबईहून सिंगापूरला जाणार असेल तर १९० ग्रॅमची शेवंड त्यात बसत नाही. तोच डबा मुंबईहून नागपूरला येणार असेल तर या अधिसूचनेला त्याच्याशी काही देणंघेणं नाही.

हे कसं घडतं ते पाहायचं तर मुंबईला भाऊच्या धक्क्यावर पहाटे उभं राहावं. समुद्रात कित्येक दिवस राहून आलेले ट्रॉलर लागलेले असतात. खणातून बर्फासकट माल वर येतो, धक्क्यावर ढीग होतो आणि बायका बसून निवड करतात: कोळंबी एकीकडे, माकूल एकीकडे, राणी मासा, ढोमा, खेकडे. शेवंड या ढिगात शोधावी लागत नाही, हाताला टोचते. ती वेगळ्या पाटीत जाते आणि लगेच एक माणूस येऊन पाटीशी उकिडवा बसतो. तो कंपनीसाठी खरेदी करतो. त्याच्याजवळ काटा असतो, पण तो क्वचितच वापरतो, हाताला अंदाज आहे. उचलायची, तळव्यावर तोलायची, डावीकडे किंवा उजवीकडे. डावीकडची एक्स्पोर्टची. उजवीकडची लोकल. मोडलेल्या, मऊ सालीच्या, म्हणजे नुकतीच कात टाकलेल्या आणि वजनात न बसणाऱ्या, सगळ्या लोकल. त्याने नियम काटेकोर पाळला होता, आणि त्याच्या उजव्या हाताचा ढीग डाव्यापेक्षा मोठा होता. सक्करदऱ्याला येतो तो हा ढीग.

शेजारी उभ्या असलेल्या नाखवाला मी विचारलं, लहान परत का सोडत नाही? तो हसला नाही, चिडलाही नाही. "सोडायला ती जिवंत पाहिजे ना," म्हणाला.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथेच आहे. ट्रॉलरचं जाळं समुद्राच्या तळावरून तासन् तास ओढलं जातं. पिशवीत मासे, दगड, शंख, कचरा यांच्या दाबाखाली शेवंड वर येते तेव्हा तिच्यात धुगधुगी असलीच तर थोडी. अमेरिकेतल्या मेन राज्यात लॉब्स्टर पिंजऱ्याने धरतात. पिंजरा वर आला की कोळी पितळी मापाने डोळ्यामागच्या खोबणीपासून पाठीच्या कवचाच्या कडेपर्यंत मोजतो. सव्वातीन इंचांहून कमी असेल तर परत पाण्यात, पाच इंचांहून जास्त असेल तरी परत. अंडी असलेली मादी असेल तर तिच्या शेपटीच्या पाकळीला इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडून सोडतात, आणि पुढच्या वर्षी ती अंड्यांशिवाय दुसऱ्याच्या पिंजऱ्यात आली तरी खाच पाहून त्यालाही सोडावी लागते. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, आणि शक्य होतं ते केवळ पिंजऱ्यातली शेवंड धडधाकट असते म्हणून. आपण मापाचा नियम उचलायचा आणि ट्रॉल तसाच ठेवायचा, तर मेलेल्या शेवंडीचं माप घेण्यापलीकडे काही हाती लागत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तळाला लावलेल्या जाळ्यांत शेवंड अडकते, ती बहुधा जिवंत निघते. पण सोडवताना मिशी किंवा पाय तुटला की भाव पडतो, म्हणून ती हळूहळू सोडवतात. तेवढी सबुरी असलेल्या माणसाला लहान शेवंड परत टाकायला सांगता येतं. भाऊच्या धक्क्यावर ते सांगणं जवळपास निरर्थक आहे.

चपट्या शेवंडीचं काय झालं ते मुंबईकरांना माहीत असायला हवं होतं. तिला मिशांच्या जागी फावड्याच्या पात्यासारखे दोन चपटे पत्रे असतात आणि ती वाळूत दडून राहते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईचे ट्रॉलर ती चांगली आणू लागले, तिच्या शेपटीला परदेशात मागणी आली, आणि १९९४पर्यंत तिची मासेमारी कोसळली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींत हा आलेख आहे: चढ, आणि मग सरळ खाली. तिची मादी एका खेपेला हजारांत अंडी देते, काटेरी शेवंड लाखांत. अंडी धरलेल्या माद्या वर्षानुवर्षं जाळ्यात जात राहिल्या. १५० ग्रॅमचा नियम आला २००३मध्ये, म्हणजे जिच्यासाठी तो केला ती मुंबईच्या पाण्यातून गेल्यावर नऊ वर्षांनी.

पावसाळी बंदीने शेवंडीला किती फायदा होतो? थोडा. ६१ दिवस ट्रॉल थांबतो हे काही कमी नाही, आणि खवळलेल्या समुद्रात खलाशांचे जीव वाचतात हे त्याहून महत्त्वाचं. पण अंडी धरलेल्या शेवंडी बंदीबाहेरच्या महिन्यांतही जाळ्यात येतात, सक्करदऱ्यातली होळीची मादी त्यातलीच. अंड्यातून निघणारी अळी अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी चपटी आणि पारदर्शक असते, आणि काटेरी शेवंडीची अळी कित्येक महिने प्रवाहाबरोबर वाहत राहते. ती कुठे जाऊन तळाला लागेल ते तालुका ठरवत नाही, राज्यही नाही. नाखवा म्हणतो, मी सोडली तर पुढचा धरेल. हा त्याचा आळस नाही, हिशेब आहे, आणि तो बरोबर आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियाने हा हिशेब मोडायला शतक घेतलं. तिथे किमान वजनाचा नियम १८९७मध्ये आला. आपल्याकडे सुरुंग आणि विष घालून मासे मारण्यावर बंदी आणणारा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदाही त्याच वर्षीचा. त्यांनी १९६३मध्ये परवाने आणि पिंजऱ्यांची संख्या गोठवली. पुढे किनाऱ्याजवळ कृत्रिम गवताचे जुडगे टांगून त्यांवर येऊन बसणारी पिल्लं मोजायला सुरुवात केली. आज किती पिल्लं बसली यावरून तीन-चार वर्षांनी किती शेवंड मिळेल ते कळतं. २००८-०९मध्ये पिल्लं फारच कमी बसली, तेव्हा मोठ्या शेवंडींचा तुटवडा जाणवण्याआधीच मासेमारी कमी केली, आणि २०१०पासून प्रत्येकाचा वाटा ठरवून दिला. पुढचा धरेल ही भीती तिथे उरली नाही, कारण पुढच्याचा वाटा वेगळा लिहिलेला आहे.

आपल्याकडे विदर्भातल्या तलावात हा वाटा कळायला सोपा आहे. तलावाला पाळ असते, ठेका एका मच्छीमार संस्थेचा असतो, मत्स्यबीज तिनेच सोडलेलं असतं. ढिवर सभासद बारीक जाळं लावणाऱ्याला दटावतात, कारण लहान मासा पुढच्या महिन्यात त्यांच्याच जाळ्यात येणार असतो. समुद्राला पाळ नाही.

तरी राज्याने काही हालचाल केली आहे. १९८१च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाली, दंड वाढले आणि प्रकरणं तहसीलदारांकडे न जाता मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांपुढे चालू लागली. २०२३मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरली. वजनकाटा निर्यातीच्या दारातून उचलून धक्क्यावर आणायचा, ही त्यामागची दिशा मला योग्य वाटते. पण धक्क्यावर पट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या अधिकाऱ्याला पहाटे तीन वाजता शेकडो पाट्यांतून काय दिसेल, हे मी तिथे उभा राहिल्यामुळे सांगू शकतो. खरेदी करणारा माणूस मात्र प्रत्येक शेवंड हातात घेतो. नियम त्याच्या दोन्ही हातांना लागू झाला पाहिजे, लोकलच्या ढिगालाही.

आणि मग मागणी. सारख्या साइजच्या मागणाऱ्या त्या केटररला मी गाठलं. माणूस मोकळा. म्हणाला, "दोनशे ग्रॅमची एक म्हणजे एका ताटाले एक, हिशोब सोपा." मी म्हटलं, चारशेची घेऊन उभी चिरून अर्धी-अर्धी वाढली तर? हॉटेलात तशीच देतात. त्याने विचार केला. "हॉटेलात चालते साहेब. लग्नात नाही. लग्नात लोकाईले मिशीसकट अख्खी पाह्यजे, फोटो काढाले. अर्धी वाढली तं वरमाय म्हणते, अर्धी कोणाले दिली?"

त्या लग्नात अख्ख्या वाढल्या. आंडेवाली मोठी होती ती कोणत्या ताटात गेली हे केटररला आठवत नव्हतं, पण वरपक्षाच्या पंगतीत असावी असं तो म्हणाला.