समाजमाध्यम मंच : वर्गीकरण व नियमन

वापरकर्त्यांनी स्वतः निर्माण केलेला मजकूर, चित्रे वा ध्वनी परस्परांपर्यंत पोहोचविणाऱ्या आंतरजालीय सेवांना समाजमाध्यम मंच म्हणतात. वृत्तपत्राचा संपादक छापलेल्या मजकुरास जबाबदार असतो. टपाल खात्यास मात्र पाकिटातील मजकुराचा जाब विचारला जात नाही. हे मंच या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतात व त्यांच्या नियमनासंबंधीचे बहुतेक वाद या मधल्या स्थानातूनच उद्‍भवले आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९९६ च्या कायद्याने त्यांना टपालाच्या बाजूस झुकविले.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये ते ‘मध्यस्थ’ या वर्गात मोडतात. मध्यस्थाने योग्य ती दक्षता घेतल्यास इतरांच्या मजकुराचे दायित्व कलम ७९ नुसार त्याच्यावर येत नाही. २०२१ च्या नियमांनी या वर्गातून समाजमाध्यम मध्यस्थ वेगळे काढले आणि ज्यांचे भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते आहेत, त्यांचा ‘महत्त्वपूर्ण’ असा उपवर्ग केला. या उपवर्गातील मंचांवर निवासी तक्रार अधिकारी नेमणे, मासिक अहवाल प्रसिद्ध करणे इ. अधिक बंधने येतात. यूरोपीय संघाच्या २०२२ च्या कायद्यातही दरमहा ४·५ कोटी वापरकर्त्यांची अशीच मर्यादा आहे. संख्येचा निकष मोजण्यास सोयीचा, पण ढोबळ होय. कांदिवलीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा, पाण्याच्या वेळा कळविणारा व्हॉट्सॲप गट आणि हजारो अपरिचितांसमोर फेसबुकवर केलेले जाहीर विधान यांचे स्वरूप अगदी भिन्न; तरी त्यांचे वाहक मंच एकाच उपवर्गात येतात. अशा गटाच्या चालकाचे स्थान नियमांनी स्पष्ट केले नव्हते. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असा निर्णय दिला, की समान उद्देश वा पूर्वनियोजन दिसत नसेल, तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल गटचालक फौजदारी दृष्ट्या दोषी ठरत नाही.

मंचास संरक्षण असले, तरी लिहिणाऱ्यास ते नसते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित करणाऱ्या पालघर येथील एका तरुणीस, तसेच तो मजकूर केवळ पसंत केल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीस अटक झाली. पहिलीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोडही झाली. लावलेल्या कलमांत ‘त्रासदायक’ संदेशास शिक्षा सांगणारे ६६-अ होते. या अटकेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल वि. भारत संघ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी हे कलम घटनाबाह्य ठरविले. त्याच निर्णयाने कलम ७९ चा अर्थही मर्यादित केला : न्यायालयाचा आदेश वा शासनाची सूचना मिळाल्यावरच मजकूर हटविण्याचे बंधन मंचावर येते, कोणाही व्यक्तीच्या तक्रारीने नव्हे. रद्द झालेले कलम पोलीस ठाण्यांतून मात्र लवकर गेले नाही. त्याखाली खटले चालवू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावा लागला.

केंद्र शासनाच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे शासनाच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये नियमांत करण्यात आली. अशा मजकुराबाबत दक्षता न घेणाऱ्या मंचाचे कलम ७९ चे संरक्षण त्यामुळे धोक्यात येणार होते. विनोदकार कुणाल कामरा व इतरांनी तिला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल व न्या. नीला गोखले यांच्यात मतभेद झाला. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी न्या. पटेल यांच्याशी सहमती दर्शविली व ही तरतूद अवैध ठरली.