जपानमध्ये एकटीचं पान

मी बँकेत नोकरीला होते. तपासणीच्या निमित्तानं वर्षातले दोन-तीन महिने तालुक्याच्या गावी मुक्काम पडायचा. दिवस कामात जायचा, पण रात्रीच्या जेवणाचा प्रश्न यायचा. हॉटेलात एकटी बाई शिरली की आधी माना वळायच्या, मग वेटर ‘फॅमिली रूम’चा पडदा बाजूला करायचा. त्या पडद्याआड, चौघांच्या टेबलाशी एकटीनं बसून घास घशाखाली उतरत नसे. शेवटी शेवटी मी लॉजच्या खोलीत केळी आणि बिस्किटं खाऊन झोपायला लागले. नोकरी संपली, तरी हॉटेलात एकटीनं ताट मागवून पोटभर जेवल्याचं काही आठवत नाही.

साठी उलटल्यावर मी एकटीनं जपानला जायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांना काळजी होती भाषेची आणि भूकंपाची. मला होती जेवणाची. आणि नवल म्हणजे, या देशात एकट्या माणसाला फिरणं इतकं सोपं का जातं, याचं उत्तर मला जेवणाच्या दुकानांतच मिळालं.

तोक्योतला पहिला दिवस. असाकुसा भागातलं सेन्सोजी हे जुनं बौद्ध मंदिर पाहून भर दुपारी बाहेर पडले. शेजारच्या गल्लीत एका दुकानाच्या दाराशी काचेच्या कपाटात सगळे पदार्थ मांडून ठेवलेले होते. नूडल्सचा वाडगा, तळलेली कोळंबी, भात, सगळं किमतीसकट. जवळ जाऊन पाहिलं तर सगळं खोटं! पदार्थांच्या अशा प्रतिकृती बनवायचा व्यवसाय इवासाकी ताकिझो यांनी १९३२ साली ओसाकात सुरू केला. तेव्हा त्या मेणाच्या असत, आता प्लॅस्टिकच्या असतात. सेन्सोजीपासून चालत जाता येईल अशा काप्पाबाशी नावाच्या रस्त्यावर त्या विकतही मिळतात. भाषा येत नसेल तर कपाटाकडे बोट दाखवायचं, काम झालं.

बऱ्याच साध्या दुकानांत तर बोटाचीही गरज पडत नाही. दाराशी यंत्र असतं. पैसे टाकायचे, हव्या त्या पदार्थाचं बटण दाबायचं, तिकीट निघतं ते आत द्यायचं. बक्षिशी देण्याची पद्धत नाही, त्यामुळे किती ठेवावे हा घोळही नाही.

पण खरी गंमत आहे बसण्याच्या जागेत. स्वयंपाक्याच्या ओट्यासमोर लांबच लांब फळी आणि तिला लागून एकेक खुर्ची. तुम्ही फळीकडे तोंड करून बसता, पलीकडे तो रांधतो आणि वाडगा सरळ तुमच्यापुढे ठेवतो. मी तिथं बसल्या बसल्या बँकेतल्या सवयीनं हिशेब केला. आपल्याकडे एकटा माणूस चौघांचं टेबल अडवतो, म्हणून मालकाच्या कपाळाला आठी पडते. इथं एका गिऱ्हाइकाला एक खुर्ची. मालकाचं काहीच बुडत नाही. डाव्या-उजव्या हाताला कचेरीतली माणसं आपापली एकटीच जेवत होती. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. त्या न पाहण्यानं मला किती हलकं वाटलं, ते शब्दांत सांगता येणार नाही.

दारात ‘किती जण?’ असं विचारतात. आपण ‘हितोरि’ म्हणायचं, म्हणजे एकटी. या शब्दाला मागेपुढे आदरार्थी जोड देऊन ‘ओहितोरिसामा’ असा शब्द ते वापरतात. उएनो चिझुको या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एकट्या माणसाच्या म्हातारपणावर २००७ साली पुस्तक लिहिलं, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. ते पुस्तक तिथं खूप खपलं.

दुपारी ‘तेइशोकु’ मागवावं, असं मी सांगेन. हे त्यांचं ताटच. भात, मिसोचं सूप, एक मुख्य पदार्थ आणि लोणचं. त्याच दुकानात रात्री जेवलं तर बहुधा जास्त पैसे पडतात, म्हणून मोठं जेवण दुपारी उरकावं. नूडल्स भुरका मारून खाल्ले तरी चालतात. मात्र भातात काड्या उभ्या रोवायच्या नाहीत. मृतांना भात ठेवतात तो तसा. काडीतून काडीत घासही द्यायचा नाही, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलतात. पिंडाचा भात आणि पानातला भात यांत भेद पाळणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मी मूळची रत्नागिरीची, मासे खाणारी. पण गुरुवार पाळते. तोक्योतल्या गुरुवारी साधे उदोन नूडल्स मागवले. वर फक्त कांद्याची पात. पहिल्याच घोटाला वास ओळखीचा वाटला. कोकणात वाढलेल्या नाकाला सुकी मासळी कळतेच! जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’ हे पातळ सार. ते कोम्बु नावाच्या समुद्रातल्या वनस्पतीचं आणि ‘कात्सुओबुशी’चं करतात. कात्सुओबुशी म्हणजे ट्यूनाच्या जातीतला मासा उकडून, धूर देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवायचा आणि त्याचा कीस काढायचा. भाजीत, सुपात, डिपिंगच्या रसात, कुठंही तो असू शकतो. म्हणून शाकाहारी मंडळींनी ‘मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही’ असं जपानीत लिहून घेतलेला कागद जवळ ठेवावा.

सगळीकडे एकट्याचं स्वागत होतं असंही नाही. क्योतोत एका दुकानात मध्ये भांडं ठेवून शिजवतात तो प्रकार खायला गेले, तर दोन माणसांखाली मिळत नाही म्हणून नम्रपणे वाकून मला परत पाठवलं. काही पारंपरिक निवासांतही एकट्याला खोली देत नाहीत. क्षणभर जुना पडदा डोळ्यांपुढे आला. मग स्टेशनवर जाऊन ‘एकिबेन’ घेतला. हा प्रवासात खायचा डबा, एकाच्या बेताचा.

पुढच्या गुरुवारी मात्र मी कोयासानला होते. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून गाडीनं जायचं, मग दोरानं ओढल्या जाणाऱ्या डब्यातून डोंगर चढायचा. कुकाई या आचार्यांनी ८१६ साली वसवलेलं हे तीर्थक्षेत्र. पन्नासएक मंदिरांत उतरायची सोय आहे. इथलं जेवण म्हणजे ‘शोजिन र्‍योरी’. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. सार कोम्बु आणि वाळवलेल्या अळिंब्यांचं. तिळाचं मऊसूत ‘गोमादोफु’, गोठवून वाळवलेलं ‘कोयादोफु’. लाखेच्या छोट्या चौरंगावर माझं एकटीचं पान मांडून आलं. चातुर्मासातल्या आजीच्या स्वयंपाकाची आठवण झाली.

या डोंगरावर एके काळी बायकांना पाऊल टाकायची बंदी होती. त्या सीमेवरच्या ‘न्योनिंदो’ या देवळातूनच दर्शन घेऊन परत फिरत. तशा सात देवळांपैकी एक अजून उभं आहे. १८७२ मध्ये सरकारी हुकमानं बंदी उठली, तरी बायकांना तिथं राहायला मिळायला आणखी काही दशकं गेली. मी त्या देवळात बराच वेळ बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ओकुनोइनला गेले. देवदारासारख्या उंच झाडांत दोन लाखांवर समाध्या आहेत. काही दगडांवर संस्कृत बीजाक्षरं कोरलेली आहेत. कुकाई ८३५ पासून तिथं ध्यानात बसले आहेत, अशी श्रद्धा आहे. आळंदीला जाणाऱ्या आपल्या माणसाला संजीवन समाधी वेगळी सांगायला नको. रोज दोन वेळा भिक्षू त्यांचं जेवण पेटीत घालून नेतात. एका माणसाचं पान, बाराशे वर्षांच्या आसपास चाललेलं. मी हात जोडले.

परत आल्यावर मागच्या महिन्यात बँकेच्या जुन्या कामासाठी तालुक्याच्या गावी गेले होते. हॉटेलात शिरून पडद्याबाहेरच्या टेबलाशी बसले. पोऱ्या म्हणाला, ‘‘मावशी, बाकीचे यायचेत?’’

‘‘नाही रे, एकटीच आहे,’’ मी म्हटलं, ‘‘एक राइस प्लेट आण.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)