घरगुती इंटरनेट जोडणीची निवड : घोटी परिसराच्या संदर्भात

बीजशब्द : ब्रॉडबँड, ऑप्टिकल फायबर, फाईव्ह-जी, उपग्रह इंटरनेट, घोटी

प्रस्तावना :
प्राध्यापकाच्या घरातील इंटरनेट ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीने अध्यापन घराच्या खोलीत आणले. टाळेबंदी उठली, तरी 'स्वयम्'वरील अभ्यासक्रम, नॅकसाठीची माहिती भरणे, ऑनलाइन उजळणी वर्ग ही कामे बऱ्याच अंशी घरीच राहिली. असे असूनही जोडणी घेताना बहुधा जाहिरातीतील वेग आणि मासिक शुल्क एवढ्यांचाच विचार होतो. प्रस्तुत लेखात इगतपुरी तालुक्यातील घोटी हे गाव समोर ठेवून उपलब्ध प्रकारांचा विचार केला आहे.

घोटीची परिस्थिती विलक्षण आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि मुंबई-भुसावळ लोहमार्ग दोन्ही गावाजवळून जातात. रुळांच्या कडेने फायबर टाकणारी रेलटेल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. महामार्गांच्या कडेनेही अशा वाहिन्या टाकल्या जातात. तथापि लांब पल्ल्याची वाहिनी दारावरून गेली म्हणजे घरात जोडणी आली, असे होत नाही. दारणा, भावली, मुकणे या धरणांच्या तालुक्याला 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण समजावून सांगण्याची गरज नाही.

वेगाचा अर्थ :
भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस हा किमान वेग ठरविला. २०१३ मध्ये तो ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाला. येथे 'बी' म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने १०० एमबीपीएस जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे माहिती वर पाठविण्याचा वेग. तांब्याच्या दूरध्वनी तारेवरील जुन्या एडीएसएल पद्धतीत उतरण्याचा वेग जास्त आणि चढण्याचा वेग जेमतेम १ एमबीपीएसपर्यंत असे. व्याख्यानाची ५०० एमबीची चित्रफीत या वेगाने पाठवावयास तासाहून अधिक काळ लागतो. दोन्ही दिशांना १०० एमबीपीएस देणाऱ्या फायबरवर तेच काम चाळीस सेकंदांत होऊ शकते. केवळ पाहणाऱ्याला हा फरक जाणवत नाही; शिकविणाऱ्याला तो रोज जाणवतो. म्हणून विक्रेत्याला 'अपलोड किती?' हा प्रश्न आधी विचारावा.

फायबर आणि पाऊस :
तांब्याच्या तारेत केंद्रापासूनच्या अंतराबरोबर वेग घटतो आणि सांध्यात पाणी शिरले की जोडणी बिघडते. इगतपुरी परिसरात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे हा दोष किरकोळ म्हणता येत नाही. फायबरमधून वीज नव्हे, प्रकाश जातो. त्यामुळे ओलावा आणि विजांचा कडकडाट यांचा त्याला फारसा उपद्रव नाही. एका वाहिनीवर सामान्यतः ३२ किंवा ६४ घरे जोडलेली असतात आणि सुमारे २.५ जीबीपीएसची क्षमता त्यांच्यात वाटली जाते. घरगुती वापरास ती पुरते.

परंतु फायबर तुटते. खांबांवरून ओढलेली तार झाडाची फांदी पडून तुटते, रस्त्याच्या खोदकामात जमिनीखालची तुटते, आणि ती जोडण्यास विशेष यंत्र व कुशल माणूस लागतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा दुरुस्ती करणारा माणूस घोटीतच राहतो की नाशिकहून येतो, ही चौकशी अधिक मोलाची. वीज गेल्यावर घरातील राउटरला छोटा यूपीएस पुरतो. मात्र केबलचालकाच्या केंद्रात बॅटरी नसेल तर त्याचा उपयोग नाही.

बिनतारी पर्याय :
ऑक्टोबर २०२२ मध्ये फाईव्ह-जी सेवा सुरू झाली आणि २०२३ मध्ये जिओ व एअरटेल यांनी ग्राहक-यंत्र बसवून घरगुती जोडणी देण्यास आरंभ केला. 'एअरफायबर' हे नाव काहीसे फसवे आहे. घरापर्यंत फायबर येतच नाही. वापरातील ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाची बाधा अल्प होते, पण डोंगराचा आडोसा, मनोऱ्यावरील गर्दी आणि मनोऱ्याची वीज हे प्रश्न राहतात. बाजारपेठेपासून दूरच्या वस्तीत जेथे तार पोहोचत नाही, तेथे मात्र हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. केवळ मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भिस्त ठेवणे गैरसोयीचे आहे, कारण तासाभराच्या दृक्श्राव्य बैठकीत एक जीबी डेटा सहज खर्च होतो.

भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास जवळपास अर्धा सेकंद लागतो आणि संवाद अडखळतो. सुमारे ५५० किलोमीटरवरील उपग्रहांनी हा दोष दूर केला आहे. अशा स्टारलिंक सेवेला भारतात जून २०२५ मध्ये दूरसंचार विभागाचा परवाना मिळाला. मात्र उपग्रहाच्या उच्च वारंवारतेला मुसळधार पाऊस मानवत नाही.

खर्च आणि पर्यायी व्यवस्था :
शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो, हे जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते. पण सेवा वाईट निघाल्यास ग्राहक अडकतो. पहिली जोडणी महागात पडली तरी महिन्याचीच घ्यावी, आणि शक्य तर आषाढात घ्यावी. उन्हाळ्यात सर्वच जोडण्या चांगल्या चालतात. ठरावीक वापरानंतर वेग किती उरतो, हेही लेखी घ्यावे. पर्याय म्हणून ठेवलेले सिमकार्ड दुसऱ्या कंपनीचे असावे. एकाच कंपनीचे घरगुती फायबर आणि मनोरा एकाच मुख्य वाहिनीवर असतील, तर दोन्ही एकदम बंद पडतात.

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. पंचायतीपर्यंतची तार आणि वाडीवरील घर यांतील अंतर मात्र कायम आहे. घोटीत शिकविणाऱ्याच्या घरी १०० एमबीपीएस असले, तरी वाडीवरील विद्यार्थ्याच्या हाती बहुधा मोबाइलच असतो. ६४ केबीपीएस ध्वनिमुद्रणात तासाभराचे व्याख्यान २९ एमबीत मावते, आणि ते मंद सिग्नलवरही उतरवून घेता येते.